टोराबेचा डावा अंगठा

परीक्षण लिहिण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्मायचाय! हे मी बावीस वर्षं स्वतःलाच सांगत आलोय. दुसरं कोणी सांगत नाही, म्हणून मला रोज सांगावं लागतं.

आमच्या वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत कवितासंग्रहांची परीक्षणं माझ्याकडे असतात. माझी रीत सुटसुटीत आहे. प्रस्तावना वाचायची, मागच्या पानावरचा मजकूर वाचायचा, मधलं एखादं पान डोळे मिटून उघडायचं, त्यातल्या चार ओळी उचलायच्या आणि 'कवीकडून मोठ्या अपेक्षा आहेत' असं लिहून मोकळं व्हायचं. बावीस वर्षांत एकही तक्रार नाही. कारण ते परीक्षण वाचणारा माणूस एकच असतो, आणि तो त्यात आपलं नाव नीट छापलंय का एवढंच बघतो.

अशा या सुखी जिवाला एका गुरुवारी संपादकबाईंनी बोलावून घेतलं. कवितांचं सदर बंद करतोय, म्हणाल्या. वाचकांना आता शब्द नकोत, वस्तू हव्यात. लोक जिवापाड जपतात अशा महागड्या वस्तूंचं नवं सदर काढायचंय. पहिलं परीक्षण जमलं तर सदर माझं, नाही जमलं तर तळमजल्यावर प्रुफं तपासायला. तळमजल्याला खिडकी नाही, हे त्या बोलल्या नाहीत, पण मी जाऊन आलोय.

पहिली वस्तू होती टोराबे. टोराबे म्हणजे एका जपानी अ‍ॅनिमे मालिकेतला लढवय्या रोबो, आणि मला परीक्षण करायचं होतं ते त्याच्या वीतभर उंचीच्या प्रतिकृतीचं. सुटे भाग दोनशे बारा. हलणारे सांधे चौतीस, म्हणजे माझ्या अंगातल्या हलणाऱ्या सांध्यांच्या दुप्पट. किंमत माझ्या अडीच पगारांएवढी! अडीच महिने खर्डेघाशी करून जे मिळतं ते देऊन कोणी खेळणं घेतं, आणि वर त्याच्याशी खेळत नाही, हे ऐकून मला कवींबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. ते निदान आपली पुस्तकं फुकट वाटतात.

ही प्रतिकृती होती आमच्या छापखान्याच्या यंत्रांचे भाग घडवून देणाऱ्या टर्नरकडे. सारं आयुष्य लेथवर गेलेला, मोजकं बोलणारा माणूस. संपादकबाईंच्या शब्दाखातर तीन दिवसांसाठी द्यायला तयार झाला. स्वतः घरी आला. तान्हं मूल आणावं तसा तो खोका त्याने छातीशी धरला होता. मी खोक्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघायचं राहून गेलं.

"उघडा, हात लावा, सांधे वाकवून बघा," तो म्हणाला. "फक्त जसा देतोय तसा परत द्या. रविवारी सकाळी येतो." दारापर्यंत गेला आणि वळला. "त्याच्या डाव्या हाताचं एक सांगायचं राहिलं..."

मी त्याला हातानेच थांबवलं. "काही सांगू नका. परीक्षकाची नजर कोरी हवी."

हे वाक्य मला इतकं आवडलं की तो जिना उतरायच्या आत मी ते वहीत लिहून ठेवलं.

खोक्यात एक जाडजूड माहितीपुस्तिका होती. म्हणजे प्रस्तावनाच की! पण या खेपेला मी वेगळाच पेटलो होतो. मी ती न उघडता खुर्चीच्या उशीखाली सारली. बावीस वर्षांत पहिल्यांदा प्रस्तावना सोडून मूळ कृतीच बघायची ठरवली. प्रामाणिकपणा अंगात शिरायलाही काही वेळकाळ असावा!

आता आमच्या घराबद्दल. आमची बायको दातांच्या तीन डॉक्टरांसाठी कवळ्या आणि सुटे दात बनवते. तिचं टेबल खिडकीशी आहे, आणि वरच्या फळीवर प्लास्टरचे चाळीस जबडे मांडलेले आहेत. आमच्याकडे आलेल्या पाहुण्याकडे बघून आधी ते हसतात, मग आम्ही. सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना सगळं दिसतं, आणि दिसलेलं सगळं त्या बोलून दाखवतात. टोराबेला बघून त्या एवढंच म्हणाल्या, की जावयाला या वयात बाहुला मिळाला, चला, निदान बोलण्याचालण्याला कोणीतरी झालं.

मी टोराबेला जेवणाच्या टेबलावर उभा केला. खरं सांगतो, रूप देखणं होतं हो. मोरपंखाच्या डोळ्यातली निळाई अंगभर, छातीवर पहाटेची तांबूस रेघ, आणि पात्यावर दव थांबावं तसा कवचावर थांबलेला उजेड. खोक्यावरच्या चित्रात तो उजवीकडून दाखवला होता, डावा हात ढालीआड. मी ढाल अलगद काढून ठेवली. मनगट फिरवलं, कोपर वाकवलं, गुडघे मिटले. सगळं कसं लोण्यासारखं. शुक्रवारी सकाळी, शिस्तीत परीक्षण करायचं म्हणून मी त्याची बोटं मोजायला घेतली.

उजव्या हाताला पाच. डाव्या हाताला चार.

दुसऱ्या टोकाकडून मोजली. चारच. स्वतःची मोजून बघितली, ती बरोबर होती. डाव्या तळव्यावर, अंगठा असायला हवा तिथे, एक खडबडीत खळगा तेवढा होता.

जसा देतोय तसा परत द्या! ज्या माणसाने हे सांगितलं त्याला मी अंगठा तुटलेला रोबो कुठल्या तोंडाने देणार? मी घर डोक्यावर घेतलं. टेबल हललं, खुर्च्या उलट्या झाल्या, सतरंज्या झाडल्या गेल्या. खुर्च्या-कपाटांखालून निघालेला केर कोपऱ्यात साठला होता, तो सासूबाईंनी पिठाच्या चाळणीत घेतला, पाय पसरून बसल्या आणि जात्यावर बसल्यासारख्या तालात गुणगुणू लागल्या:

अरे अंगठ्या अंगठ्या, कुठं दडून बसला,
चार भावांचा संसार तुझ्यापायी रे फसला!

इथे माझी नोकरी आणि अब्रू पणाला लागलेली, आणि यांना कवन सुचतंय! चाळणीतून बायकोच्या कुडीची हरवलेली फिरकी निघाली, एक दाढ निघाली (ती गिऱ्हाइकाची, बायको सहा आठवडे शोधत होती), शर्टाचं बटण निघालं. अंगठा निघाला नाही. फिरकी मिळाली म्हणून मायलेकी भलत्याच खुशीत होत्या. आपल्या घरात आपलं दुःख एकट्याचं कसं असतं ते मला त्या चाळणीने दाखवलं.

शेवटी बायकोने डोळ्याला भिंग लावलं आणि टोराबेचा डावा हात दिव्याखाली धरला. बराच वेळ बघत राहिली.

"आतून रंग दिलेला दिसतोय," ती म्हणाली. "नुसता मोडला असता तर आत पांढरं दिसलं असतं. मला वाटतं हे..."

"आता शास्त्र नको," मी म्हणालो. "अंगठा हवा."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं. त्या बघण्याचा अर्थ लग्नाला तेवीस वर्षं झालेल्यांना सांगायला नको. पण तिचाही नाइलाज असतो. कुठे फट दिसली, खळगा दिसला की तिचे हात शिवशिवतात. लोकांच्या घरी गेली तरी ती आधी माणसांच्या हसण्यातल्या जागा मोजते. तिने टोराबेचा उजवा अंगठा समोर ठेवला, आरशात बघून मेणाचा डावा केला, त्यावरून साचा, साच्यातून दाताच्या मसाल्याचा अंगठा. दातांच्या रंगांचे नमुने असतात, तसे निळे मिसळून मिसळून तिने तो रंग गाठला. दुपार कलली तेव्हा तिच्या चिमट्यात जोंधळ्याच्या दाण्याएवढा अंगठा चमकत होता. नखासकट!

"बसवलाय," ती म्हणाली. "पण नुसता..."

"उत्तम," मी म्हणालो आणि लिहायला बसलो, कारण संध्याकाळी मजकूर द्यायचा होता.

आणि काय लिहिलं! चोराला जशी आपलीच पावलं मोठी दिसतात, तसा मला सगळीकडे तो अंगठाच दिसत होता. बायकोचं कौतुक उघड करता येत नव्हतं, ते सगळं मी अंगठ्यावर ओतलं. 'विशेष उल्लेख करायला हवा तो डाव्या अंगठ्याचा. या एका अंगठ्यात शिल्पकाराने साऱ्या यंत्रयुगाचा उमाळा साठवला आहे. मूळ मालिकेतही या अंगठ्याचा डौल असाच आहे, हे जाणकारांना सांगायला नको.' शेवटी सवयीने लिहून गेलो, 'टोराबेकडून मोठ्या अपेक्षा आहेत.'

रविवारी सकाळी टर्नर आला. काखेत आमची पुरवणी होती. मी खोका पुढे केला. त्याने झाकण उघडलं, ढाल बाजूला केली आणि थबकला. फळीवरचे चाळीस जबडे हसत होते.

मग त्याने आपला डावा हात टेबलावर, टोराबेच्या शेजारी ठेवला.

त्या हाताला चार बोटं होती.

गुरुवारी याच हाताने त्याने खोका छातीशी धरला होता. माझी नजर कोरी होती ना!

"नवव्या भागात जातो त्याचा," टर्नर सावकाश म्हणाला. "बंद होणाऱ्या दारात हात घालतो, आतली माणसं बाहेर पडेस्तोवर. नंतर ते नवा बसवून द्यायला निघतात, तर हा नको म्हणतो. पुढची सगळी मालिका चार बोटांवर. माझा लेथमध्ये गेला, त्या साली तीन महिने घरी पडून होतो. पुतणीने ही मालिका लावून दिली. ती संपली त्या आठवड्यात मी परत कामावर गेलो. म्हणून घेतला हा. लोक म्हणतात, वेडा झाला."

मी उशीखालून माहितीपुस्तिका काढली. पहिल्याच पानावर, पानभर, चार बोटांचा डावा हात होता. जन्मात एकदा प्रस्तावना वाचली नाही, आणि नेमकी हीच!

मी सांगू लागलो की चूक माझी, भरपाई, म्हणजे अडीच, म्हणजे हप्त्याने... तेवढ्यात आतून बायको आली. तिने आधी टर्नरचा हात उचलून उजेडात धरला, जबडा बघते तसा.

"टाके बरे घातलेत," ती म्हणाली. "थंडीत दुखतं का हो भाऊ?"

"दुखतं की. नसलेलं दुखतं."

तिने मान हलवली, टोराबे उचलला आणि नखाच्या टोकाने डाव्या तळव्याला नुसतं टेकवलं. टुपकन अंगठा तिच्या हातात आला. खाली खळगा जसाच्या तसा, आतल्या रंगासकट.

"मेणावर बसवला होता नुसता," ती म्हणाली. "पहिल्या खेपेला मी पक्कं कधीच बसवत नाही. आधी ज्याचं तोंड त्याने घालून बघायचं, बोलून बघायचं. त्याला नको वाटलं तर काढता आलं पाहिजे. हेच सांगत होते, पण आमच्याकडे वाक्य पुरं करायची सोय नाही."

टर्नर वाकून खळगा बघत राहिला. मग त्याने तो जोंधळ्याएवढा अंगठा मागून घेतला, तळव्यावर ठेवला, उलटा केला, सुलटा केला. लेथवाल्याची नजर ती, एका केसाची चूक पकडणारी.

"नखसुद्धा केलंय," तो म्हणाला.

"नखाशिवाय अंगठा कसा होईल?"

"हा मी नेला तर चालेल?" त्याने विचारलं. "बसवणार नाही. टोराबेला चालायचं नाही ते. पण इतक्या वर्षांत कोणी अंगठा करून दिला नव्हता." सासूबाईंनी आतून कुड्यांची रिकामी डबी आणून दिली. त्यात तो अंगठा गेला, डबी वरच्या खिशात गेली. जाताना त्याने खोका पुन्हा तसाच छातीशी धरला. दारात वळून बायकोला म्हणाला, "येतो ताई." माझ्यासाठी काखेतली पुरवणी टेबलावर ठेवून गेला, अंगठ्याचा परिच्छेद वर येईल अशी घडी घालून.

बायकोचं काम नखाने निघालं. माझं निघण्यासारखं नव्हतं. मी पक्कं बसवलं होतं, तेही साठ हजार प्रतींत!

पुढच्या चार दिवसांत एकशे त्रेचाळीस पत्रं आली. सर्वांत लहान पत्रलेखिका सात वर्षांची. तिने टोराबेच्या डाव्या हाताचं चित्र काढून खाली बाण दाखवून लिहिलं होतं, 'काका, इथे बघा.' बावीस वर्षांत माझं परीक्षण एवढ्या लोकांनी कधी वाचलं नव्हतं, हे मी संपादकबाईंना नम्रपणे सुचवून बघितलं. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाल्या, की तळमजल्यावर पाठवलं तर मी छापलेल्या चुका तपासण्याऐवजी नव्या घालीन. त्यापेक्षा कवितांचं सदर पुन्हा सुरू करू. तिथे कोणी बोटं मोजायला येत नाही.

तर मी पुन्हा माझ्या जागी आलोय. पण शहाणा होऊन! आजच एक कवी नवा संग्रह घेऊन घरी आला. मी आधी त्याचे दोन्ही हात नीट बघून घेतले. बोटं पुरी होती. प्रस्तावना त्याच्यासमोरच वाचून काढली. मग पुस्तक मिटून म्हटलं, "तुम्हाला यातलं काही सांगायचं असेल तर सांगा. मी मधे बोलणार नाही."

त्याला आता सव्वादोन तास झाले. सासूबाई दोनदा डोकावून गेल्या. बायकोचे चार दात घडवून झाले. हे सगळं मी त्याच्यासमोर बसूनच लिहिलंय. त्याला वाटतंय, मी टिपणं घेतोय.