वामन मास्तरांचा रविवारचा फॉल्ट

लेकीला बघायला आलेल्या इंजिनियरसमोर पोह्यांच्या आधी वायरिंगचं ड्रॉइंग ठेवणारा बाप मी एकच पाहिला. आमचे शेजारी, वामन मास्तर. आदिलाबादच्या आयटीआयमध्ये ते इलेक्ट्रिशियन घडवत. म्हणजे निम्मे पळवून लावत.

मुलगा म्हणाला, "आजकाल हे सगळं कॉम्प्युटर पाहतो."

"मंग पोहे बी त्यालेच देतो," मास्तर म्हणाले. सोयरीक तिथंच आटोपली. लेक, सुजाता, आत तोंडावर पदर घेऊन हसत होती, एवढंच बरं.

मास्तरांचा जप एकच. "आदी पाह्य, मंग हात लाव. अन् एका टायमाले एकच बदल." आमच्याकडे जेवायला आले आणि वरण बिघडलेलं निघालं, तर तिखट-मीठ एकदम घालू देत नसत. "काऊन बिघडलं ते समजन कसं?" तोवर वरण गार.

मी कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. तिथं कॉम्प्युटरवाला पॅनल बसला आणि महिनाभरात यंत्र अडलं. हैदराबादहून आलेल्या साहेबानं दोन दिवस प्रोग्राम बदलून पाहिला. शेवटी मालकानं मास्तरांना बोलावलं. ते तासभर नुसते पाहत उभे. साहेब घड्याळ बघत राहिला. मग मास्तरांनी खिशातला रुमाल काढून एका सेन्सरच्या काचेवरची रुई पुसली.

"आता पहिल्या दिवशीचा प्रोग्राम परत टाका," ते म्हणाले. "तो चांगला होता. तुमी नोते आले तवा."

यंत्र चाललं. साहेबानं मात्र जाताना नमस्कारही केला नाही. मास्तरांना माणसं जोडायचं ड्रॉइंग कुणी शिकवलंच नव्हतं.

पुढं मास्तरीणबाई वारल्या. सुजाता पुण्यात एका कारखान्यात ऑटोमेशनच्या कामाला लागली. मास्तरांकडे फोन नव्हता, म्हणून दर रविवारी तिचा फोन आमच्या घरी येई. ती एखादा फॉल्ट सांगे आणि मास्तर अर्धा तास विचारत बसत, "फ्यूज पाह्यला? बरं, केबल?"

एकदा त्यांना बोलवायच्या आधी मी तिला म्हटलं, "लई बिघडते वं तुमची मशीन!"

"काका, फॉल्ट तर मी कवाच काढलेला रायते," ती म्हणाली. "पन आई गेल्यापासून बाबा दुसरं काई बोलतच नाईत."

मला खोडी सुचली. फोन झाल्यावर मास्तरांना ते सांगून टाकलं. वाटलं, चिडतील.

"मले माईत हाये," ते म्हणाले. "मले बी ती सांगते तवाच समजते, काय झालं असन ते."

"मंग अर्धा तास काऊन लावता?"

मास्तर दारात चपला घालत होते. वर न बघता म्हणाले, "दोन मिनिटात सांगतलं, तर ती फोन ठेवन ना."