आधी थेंब पाहणारे हमीदचाचा

गाडी उभी केली त्या जागी सकाळी पेट्रोलचा ओला डाग दिसला, तर तुम्ही काय करता? बाजारातून नवा कॉक आणता, जुना काढून फेकता आणि मोकळे होता, होय ना? अचलपुरात हमीदचाचांच्या दुकानात हे कबूल करू नका. टाकीखालच्या त्या बोटभर तोटीबद्दल ते अशी उलटतपासणी घेतात की त्यापेक्षा पोलीस ठाणं बरं वाटावं.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो आमच्या शेतकऱ्यांच्या संघटनेची जुनी राजदूत मोटरसायकल ढकलत. कापसाच्या भावाची पत्रकं घेऊन आम्ही भातकुलीपासून परतवाड्यापर्यंत फिरायचो. कॉक गळायला लागला म्हणून अकोल्याहून नवाकोरा आणून बसवला, तर तो जुन्यापेक्षा जास्त गळू लागला. मी तावातावाने म्हणालो, "चाचा, माल नकली आहे. याचा जाहीर निषेध केला पाहिजे."

चाचांच्या कानावर बिडी होती. दुकानात ती कधी पेटत नाही, नुसती बसून असते.

"निषेध मंग कर," ते म्हणाले. "पयले थेंब पाहू."

थेंब पाहिल्याशिवाय चाचा पान्याला हात लावत नाहीत. त्यांनी कॉक कोरडा पुसला, त्यावर खडूची पूड भुरभुरली, खाली कागद पसरला आणि उपड्या डब्यावर बसले. मलाही बसवलं. कागद माझ्याच गठ्ठ्यातला होता.

"तुमच्या पत्रकाचा कागद मस्त पेते बाप्पा. अजून आहेत का?"

वीसेक मिनिटांनी थेंब पडला, तो नेमका 'सरकार जागे हो' या ओळीवर. चाचा खूश.

"पाह्य, थेंब पडला खालच्या, कचरा साचते त्या वाटीवरून, पन खडू भिजला वरच्या चालू-बंदच्या दांडीपाशी. गळते तिथं, टपकते इथं. तू वाटी बदलत बसला असता."

मग त्यांनी कॉक उघडला. आतली बुचाची चकती कोरडी ठणठणीत होती आणि ती जिथे टेकते तो भाग खडबडीत होता. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवून, इंग्रजी आठचा आकडा काढावा तसा तो भाग त्यांनी कितीतरी वेळ घासला. चकती मात्र कपभर पेट्रोलात टाकली आणि म्हणाले, "उद्या ये."

"उद्या? आज चार गावं करायची आहेत, चाचा!"

"मंग आज पायी कर क्रांती. कोरडं बूच आकसते, बेटा. पेट्रोल पेलं का फुगते अन् जागा धरते. खोक्यात पडून पडून सुकलं बिचारं. त्याले नकली कावून म्हनून राहिला?"

दुसऱ्या दिवशी चकती बसवल्यावर थेंबही गळला नाही. आधी थेंब पाहायचा, हा धडा मात्र मी तिथेच विसरलो.

दुकानामागे टिनाची शेड आहे. तिथे पोत्यांनी झाकलेल्या नऊ जुन्या मोटरसायकली मी पाहिल्या. शुक्रवारची नमाज झाली की चाचा बाटली घेऊन आत जायचे आणि दार लोटून घ्यायचे. त्या गाड्या गिऱ्हाइकांच्या आहेत, एवढं मला चहावाल्याकडून कळलं. पुढचं मी स्वतःच ठरवलं. आमच्या पुढच्या पत्रकात मथळा होता, 'गरिबांच्या गाड्या दाबून ठेवणारे कोण?' नाव घातलं नव्हतं. पण अचलपुरात पोत्यांखाली गाड्या ठेवणारे किती जण असणार?

पत्रक काढण्याआधी चाचांना विचारायला मी गेलोच नाही. पत्रकं वाटून झाल्यावर गेलो, भांडणाच्या तयारीने. शेडचं दार उघडं होतं. चाचा एका गाडीच्या टाकीत घोटभर पेट्रोल ओतत होते. मग कॉक उघडला, बंद केला, पुन्हा उघडला आणि पुढच्या गाडीकडे वळले.

"हे काय करून राहिले, चाचा?"

"बूच सुकू देत नाई. हा सुरतेले गेला, हा पुन्याच्या कंपनीत. तीन हंगाम शेतीनं काही देलंच नाई, तं रायतील कसे इथं? म्हने, चाचा, ठेवा, दिवाळीले नेतो. आला अन् गाडी सुरूच नाई झाली तं काय म्हनन तो मले?"

"त्यांचे पत्ते नाहीत का?"

"पत्रं धाडली. चार वापस आली." त्यांनी पुढचा कॉक उघडला. "हे बसनारे लोक होते. थेंब पडेलोक अर्धा घंटा बसत माह्याजवळ, घरचं सांगत. आताचे किल्ली फेकतात अन् फोन करतो म्हनतात."

मी खाली पाहून म्हणालो, "माझं पत्रक वाचलं असेल तुम्ही."

"वाचलं ना. छपाई सुरेख आहे." आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. "लिवलंच होतं तं गाड्यांच्या खुना तरी टाकाच्या होत्या. कोनी वाचून आलं असतं."

मी माफी मागितली. पण तोवर शेडचा मालक पत्रक हातात घेऊन येऊन गेला होता. भानगड नको, दिवाळीच्या आत जागा मोकळी करा, म्हणाला. भंगारवाला दोनदा पाहून गेला आहे. खुलासा छापून मी मालकाकडे गेलो, त्याने तो वाचलासुद्धा नाही.

म्हणून त्या खुणा आता इथे लिहितो. काळी राजदूत, टाकीवर डावीकडे पोचा. लाल राजदूत, सीटला निळी रेक्झिन. हिरवी बुलेट, हेडलाइटच्या काचेला तडा. एका गाडीला दुधाचे कॅन अडकवायचे दोन आकडे आहेत. एकीच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात 'आईचा आशीर्वाद', त्यातला 'द' पुसलेला. उरलेल्या चार काळ्याच. त्यांचे मालक त्यांना ओळखतील.

यातली एखादी गाडी तुमच्या काकाची, मेहुण्याची, शेजाऱ्याची असेल, तर त्याला आजच फोन लावा आणि या खुणा वाचून दाखवा. दिवाळीच्या आधी ये म्हणावं, गाडी पहिल्या किकला सुरू होते.