दाजींचा पेला

नाताळच्या दिवशी आमच्या दाजींच्या घरी मेथीची भाजी आणि भाकरी असते. येशूच्या प्रेषितांनी पंचवीस डिसेंबरला केक कापल्याचं शास्त्रात कुठंही लिहिलेलं नाही, म्हणून दाजीही कापत नाहीत. संध्याकाळी मात्र ते आमच्याकडे येतात, ताटभर करंज्या आणि केकचे चार तुकडे खातात, वर माझ्या बाल्कनीतला कंदील वाकडा लागलाय म्हणून स्टुलावर चढून सरळही करतात. विचारलं तर म्हणतात, "सण तुझा हाय. मी पाहुणा हाय."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, शमुवेल दाजी. जन्म निफाडकडच्या एका खेड्यातला, नोकरी नाशकात घरोघर विजेचे मीटर वाचण्याची. जन्मभर बारीक आकडे वाचून नजर तयार झालेली, ती निवृत्तीनंतर त्यांनी थेट चर्चच्या मंडळीवर रोखली. "कुठं लिहिलंय, दाखव" हा त्यांचा एकच प्रश्न. उपासनेत पेटी वाजवायची? कुठं लिहिलंय? पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, पांढरा झगा? कुठं लिहिलंय? एकदा ताईनं खिचडीत शेंगदाणे घातले तेव्हाही सवयीनं तोंडातून निघून गेलं. ताई म्हणाली, "माझ्या कपाळावर." तो विषय तिथंच संपला.

डोळ्याच्या दवाखान्यात मी त्यांना घेऊन गेलो होतो. खिडकीतल्या मुलीनं धर्म विचारला, यांनी ख्रिस्ती सांगितलं. त्यातले कुठल्या पंथाचे, असं तिनं विचारल्यावर यांनी तिलाच उलट विचारलं की प्रेषित पेत्र कुठल्या पंथाचा होता. मागे रांग वाढत होती. तिनं फॉर्मवर 'माहीत नाही' असं लिहिलं आणि दाजी खूश झाले. एवढं अचूक उत्तर आजवर कोणी लिहिलं नव्हतं म्हणे.

कोरोनानंतर आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीला, एका पेल्याऐवजी प्रत्येकी एकेक प्लास्टिकचा चिमुकला कप आला. भर उपासनेत दाजी उभे राहिले. प्रभूनं पेला एक घेतला होता, हा ट्रे कुठून आला, असं त्यांनी विचारलं. पाळकांनी समजावलं, मी कोट ओढून खाली बसवायचा प्रयत्न केला, ताईनं डोळे मिटून घेतले. पुढच्या रविवारपासून दाजींनी स्वतःच्याच पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली. पहिली मंडळी घरातच भरायची, हे मात्र लिहिलेलं होतं.

हळूहळू आठ-नऊ माणसं जमायला लागली. मी चर्च सोडलं नव्हतं, पण सकाळची उपासना आटोपून तिकडेही जायचो. उपासनेनंतर सगळ्यांनी एकत्र जेवायचं, हाही प्रेषितांचाच नियम, आणि ताईच्या हातचा रस्सा असा की मी कुठलाही नियम पाळला असता. द्राक्षरस दाजी स्वतः करायचे. हंगामात निफाडची काळी द्राक्षं, एरवी भिजवलेल्या मनुका. कल्हई केलेला पितळी पेला हातोहात फिरायचा, आणि दाजी सगळ्यांच्या शेवटी प्यायचे.

मग सुगंधाबाई आल्या. मूळच्या पेठकडच्या, आमच्या कॉलनीत धुणीभांडी करायच्या. टीबीचा पूर्ण कोर्स झाला होता, डॉक्टरांनी बरं झाल्याचं सांगितलं होतं, पण अंगावर मांस नव्हतं आणि खोकला अधूनमधून यायचा. तिसऱ्या रविवारी प्रार्थनेआधी एका निवृत्त मास्तरांनी विषय काढला. बाईंना वेगळा पेला द्यावा, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. बाकीच्यांनी होकारार्थी माना हलवल्या. खरं सांगायचं तर मीही हलवली. सुगंधाबाईंना हे आधीच कळलं असावं. त्यांनी पिशवीतून स्टीलचा गिलास काढला. घरूनच आणला होता.

दाजींनी त्या गिलासाकडे बघितलं. मग म्हणाले, "बाई, तो आत ठेवा. माझ्या आज्याचा कप हॉटेलाच्या बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. स्वतः काढायचा, च्या प्यायचा, स्वतः विसळून परत टांगायचा. ख्रिस्ती झाला तवा त्याला वाचता येत नव्हतं. पयल्या रविवारी शेजारच्यानं पेल्यातून पिऊन तोच पेला त्याच्या हातात दिला. त्याला शास्त्र कळलं ते तेवढंच."

त्या दिवशी त्यांनी एकही वचन काढून दाखवलं नाही. पुढच्या रविवारी पाच जण आले नाहीत. दूधवाल्याचं निमित्त करून दाजी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. मग आम्ही चौघंच बसलो. पेला ताईकडून सुगंधाबाईंकडे आणि त्यांच्याकडून माझ्याकडे आला. मी ओठ लावले, प्यायलो नाही. दाजींनी पेला घेतला, आत बघितलं आणि माझ्या वाटचंही पिऊन टाकलं.

आठवडाभर मी बोलणी खायची तयारी करत होतो. रविवारी गेलो तर दाजी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अनिल, तू हितं बस, माझ्या उजवीकडं. आजपासून पेला तुझ्यापासून सुरू करू."

मला लगेच कळलं. सुगंधाबाईंच्या आधी माझा नंबर लावला होता. पाच माणसं गेली तरी जो माणूस तसूभर हलला नाही, त्यानं माझ्या भीतीसाठी बसायची जागा बदलली होती, आणि ती भीती कुणाला कळू नये याचीही काळजी घेतली होती. मीही गेलो असतो तर त्या सतरंजीवर ताईखेरीज त्यांच्या नात्याचं, बोलण्याचं दुसरं कोणी उरलं नसतं. मला माझी फार लाज वाटली.

पाठीला भिंत लागते असं काहीतरी पुटपुटत मी उठलो आणि सुगंधाबाईंच्या पलीकडे जाऊन बसलो. दाजींनी पेला भरून ताईला दिला. माझ्याकडे आला तेव्हा तो अर्धा होता आणि त्याची कड ओली होती. मी चांगला घोट घेतला आणि पेला दाजींना दिला.

ते तो दोन्ही हातांत धरून उघड्या दारातून फाटकाकडे बघत बसले. शेवटी ताईच हळू म्हणाली, "अहो, घ्या ना. सगळ्यांचं झालं."