हिरवा दिवा आणि बनित्सा

प्लोवदिवच्या कचेरीत कॉफीच्या यंत्रावर एक दिवा होता. तो सतत हिरवा असे, आणि त्याचे श्रेय बनित्साला होते.

सगळ्यांनी लिहिलेले तुकडे जोडून विमा कंपनीचा प्रोग्रॅम बांधायचा, म्हणजे बिल्ड. जमले की दिवा हिरवा, मोडले की लाल. ज्याच्यामुळे मोडले, त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्या मजल्यासाठी बनित्सा, म्हणजे चीज भरलेली गरम पेस्ट्री, आणायची, असा रिवाज होता. साहजिकच कोणी आपले काम जोडायलाच देत नसे. महिनोन्‌महिने ते आपापल्या संगणकात झाकून ठेवत.

वर्षअखेरीला प्लोवदिव किंवा वार्ना, या दोन शहरांतल्या कचेऱ्यांपैकी एक बंद होणार होती. प्लोवदिवची प्रमुख रादोस्तिना हिने इथली बहुतेक माणसे स्वतः निवडून घेतली होती. तेवढ्यात चांगल्या पद्धती शिकवायला व्हिएन्नाहून लेख्नर नावाचा सल्लागार आला.

"रोज थोडं थोडं जोडा," तो म्हणाला. "मोडलं तर लाजू नका. लवकर मोडलं की लवकर सापडतं. आणि ती बनित्सा बंद करा."

"मग नाश्त्याचं काय, साहेब?" सगळ्यांत जुन्या स्तानिमिरने विचारले.

दुसऱ्या सकाळी सगळ्यांनी झाकलेले काम बाहेर काढले. दिवा लाल झाला, तो लालच राहिला.

"कुणाचं चुकलं?" रादोस्तिनाने विचारले.

"सगळ्यांचंच. त्यामुळे सगळ्यांनीच आणलीय," स्तानिमिर म्हणाला. टेबलावर बनित्साचे इतके ट्रे होते की कॉफीचा कप ठेवायला जागा नव्हती. "पोरी, वार्नावाले अजून झाकूनच बसलेत. त्यांचा दिवा हिरवागार आहे. वर्ष संपेपर्यंत आपणही झाकू या."

"नाही. हे शिकलोय ते बरोबर आहे. तुम्हालाही पटलंय."

"पटलंय ना. म्हणून तर भीती वाटते."

हळूहळू दिवा पुन्हा हिरवा झाला, आणि या वेळी खरोखरच. चूक दुपारी झाली तर संध्याकाळपर्यंत सापडू लागली. मजल्यावर लोक चक्क हसू लागले.

वर्षअखेरीला संचालकांनी पडद्यावर तक्ता दाखवला. "वार्नात एकदाही बिल्ड मोडलं नाही. तुमच्याकडे बघा, नुसता लाल रंग."

"साहेब, वार्नात कुणी काही जोडलंच नाही!" रादोस्तिना म्हणाली.

"याला शिस्त म्हणतात, बाई."

प्लोवदिव बंद झाले. लेख्नरचे पत्र आले: तुमचे उदाहरण मी आता सगळीकडे देतो.

शेवटच्या दिवशी रादोस्तिना खोक्यात सामान भरत होती. वार्नाच्या प्रमुख स्नेझानाचा फोन आला. प्लोवदिवचे काम ताब्यात घ्यायचे म्हणून वार्नाने आपले झाकलेले सगळे पहिल्यांदाच बाहेर काढले होते.

"अगं, इथे सगळं लाल झालंय! तुमच्याकडे अशा वेळी काय करतात?"

"बनित्सा आणायचो," रादोस्तिना म्हणाली. "पण थोडीच आण. पुढे खायला माणसं उरत नाहीत."