कुत्र्याच्या कानावर जाता कामा नये

सुलभाताईंकडे कुत्रा घ्यायला आलेल्या माणसाला आधी चार पावलं चालून दाखवावं लागायचं.

मी डोळ्यांनी पाहिलंय. दोन मीटर उंच, बटाट्याची शेती करणारा, उभ्या जन्मात कुणापुढे मान न झुकवलेला ग्रोनिंगनचा गडी. तो ताईंच्या बुटक्या बैठकीत वाशांना डोकं चुकवत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालतोय आणि ताई चष्म्याच्या वरून त्याचे पाय बघतायत. "आता वळा," ताई म्हणायच्या. तो वळायचा. "गाता येतं का?" गडी कानापर्यंत लाल व्हायचा आणि वाढदिवसाचं गाणं म्हणायचा, कारण डच माणसाला भरदुपारी, न पिता, तेवढं एकच गाणं म्हणता येतं.

मग पोहे. पोहे ताई करायच्या, पण ट्रे पाहुण्याने आणायचा. आतून, सावकाश, खाली बघत. एकदा एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या हातून ट्रे इतका थरथरला की शेंगदाणे टणाटणा उडून पार मांजरापर्यंत गेले. ताईंनी तिला जागीच पास केलं. "जिला भीती वाटते ती बाई कुत्र्याला सांभाळून घेईल," हे त्यांचं शास्त्र. सुईत दोरा ओवायलाही सांगायच्या. ओवला गेला नाही तरी चालायचं, माणूस चिडतो का एवढंच बघायचं असायचं.

हे सगळं त्या डचांना डचमध्येच विचारलं जायचं, पण साताऱ्याच्या हेलात. तीस वर्षांपूर्वी ताई बटाट्यावरच्या रोगांचा अभ्यास करायला ग्रोनिंगनच्या विद्यापीठात आल्या. रोग संपला नाही, ताईही परत गेल्या नाहीत. राहायला त्यांनी गाव निवडलं ते समुद्राच्या बांधाआधीचं शेवटचं. त्यापुढे बांध, बांधापुढे चिखल, चिखलापुढे पाणी, आणि पाण्यापुढे थेट नॉर्वे. बस तिथे वाट चुकल्यासारखी यायची. वारा असा, की पाठीवर घेऊन सायकलवर निघालेला माणूस निघायच्या आधीच पोचायचा आणि परतीला मात्र त्याची दाढी वाढायची.

तिथली माणसं वर्षाला बावीस शब्द बोलतात, त्यातले वीस हवामानाबद्दल. एकेकट्या शेतांवर एकेकटे म्हातारे राहतात. कुणी वारलं किंवा कुणाला वृद्धाश्रमात हलवलं की मागे कुत्रा उरतो. मग ताईंच्या फाटकाला कुणीतरी चिठ्ठी अडकवून जायचं. "कुत्रा. हार्मकडे." बस. उरलेले दोन शब्द होते ना, तेही ताईंच्या वाट्याला आले, म्हणजे मान मोठाच.

कुत्रा आणायला ताई बाकफिट्स घेऊन निघायच्या. ही इथली लांबुळकी सायकल, पुढे लाकडी खोका असतो, त्यात लोक पोरं आणि किराणा बसवतात. ताई त्यात कुत्री बसवायच्या. मागे दुसऱ्या सायकलवर मी. मी तेव्हा ग्रोनिंगन शहरात एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. गणपतीत मोदक वळताना आमची ओळख झाली. ताईंनी माझ्या कळ्या पाहण्याऐवजी माझ्या पोटऱ्या पाहिल्या आणि विचारलं, "सायकल येते ना रे तुला? शनिवारी ये." तो शनिवार नऊ वर्षं चालला.

डच लोक हा छळ सहन कसा करायचे, हे तुम्ही विचारणार. एकतर त्यांनी वेळ ठरवून घेतलेली असायची, आणि ठरलेली वेळ मोडण्यापेक्षा डच माणूस गाणं म्हणणं पसंत करतो. दुसरं म्हणजे ताईंनी दिलेला कुत्रा कधी परत येत नाही, अशी ख्याती होती.

पण खरी गंमत पुढे होती, आणि ती मला समजायला दोन वर्षं लागली. आलेल्या माणसाला ताई कधीच सांगायच्या नाहीत की घर कुणाला हवंय. फोटो नाही, नाव नाही. बैठकीत चार-पाच जनावरं पसरलेली असायची. पाहुण्याने बसायचं. ज्या कुत्र्याला वाटेल त्याने उठून पाहुण्याकडे जायचं. गेला, पायाशी बसला, की ठरलं. आणि पाहुणा जर बोट दाखवून म्हणाला, "हा जरा म्हातारा दिसतोय," किंवा "याला वास येतो का?" तर ताई ताडकन, खणखणीत डचमध्ये म्हणायच्या, "हा माझा आहे. द्यायचा नाहीये."

अशी निदान चाळीस कुत्री तासाभरापुरती ताईंची झालेली मी पाहिली.

मग त्याच सुरात, चेहऱ्यावरची रेघ न हलवता, माझ्याशी मराठीत, "नाक मुरडलं मेलीनं. वाटेला लाव तिला."

"ताई, हळू बोला की."

"हळू कशाला? तिला मराठी येतं होय?"

"मग तोंडावर डचमध्येच सांगा ना. डच माणसांना आवडतं तसं."

"तिला सांगेन रे. पण हा ऐकतोय." त्या कुत्र्याकडे बघायच्या. "जन्मभर डच ऐकलंय याने. कुत्र्याच्या कानावर जाता कामा नये."

इथल्या आपल्या पोरांनी ऐकू नये म्हणून आईबाप इंग्रजीत कुजबुजतात, आणि पोरं डचमध्ये उत्तर देऊन मोकळी होतात. ताईंनी कुत्र्यांसाठी ती सोय मराठीत केली होती. मी ही गोष्ट मित्रांना सांगून हसवायचो. दर वेळी तीत एक कुत्रा वाढवायचो.

एकदा बांधावर थर्मासमधला चहा पिताना मी विचारलंच, "ताई, ही चाल, हे गाणं, हे पोहे, हे काढलंत कुठून?"

"कुठून म्हणजे? तीनदा पोहे केले की हात बसतो. मी सव्वीसदा केले." समुद्राकडे बघत सांगत होत्या, जणू हवामान सांगतायत. "चालून दाखवलं. सुई ओवली. एकाच्या मामाने केस सोडून दाखवायला लावले. त्याचं काही नाही रे, तेव्हा तशी रीतच होती. पोहे देऊन झाले की मी आत जायची. आमच्या घराला मध्ये नुसता पडदा. बाहेर सगळी बोलायची. मुलगी शिकलेली आहे, पण. मुलगी बरी आहे, पण. मग चप्पल घालता घालता म्हणायची, घरी विचारून कळवतो." चहा फुंकला. "सगळं मराठीत बोलायची. आणि मला मराठी येत होतं."

मी नेहमीप्रमाणे काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात मी केलेल्या शहाणपणांपैकी तो एक. पुढचं सांगायला मात्र जीभ रेटत नाही, म्हणून इतका वेळ पोहे आणि पोटऱ्या चालल्यात.

मला टिलबर्गमध्ये नोकरी लागली. गोदामांचं सॉफ्टवेअर. लग्न झालं. माधवी पुण्याहून आली, आम्ही तळमजल्यावरचं घर घेतलं, मागे बाग. नेदरलँड्स हा एवढासा देश, पण टिलबर्गहून ताईंचं गाव चार तास. शनिवार गेले, दिवाळीचा फोन राहिला.

याच काळात ताईंकडे वोबे आला. काळापांढरा मेंढ्यांमागचा कुत्रा, बारा-एक वर्षांचा, एक डोळा दुधाळ, एक कान कामातून गेलेला. त्याच्या म्हाताऱ्याला आश्रमात नेलं त्या दिवशी गाडीमागे दोन गावं पळाला, म्हणे. ताई म्हणतायत म्हणजे खरंच असणार, त्या माझ्यासारख्या नव्हेत. बाकीच्या कुत्र्यांना घरं मिळत गेली. वोबे पाहुणा आला की उठायचाच नाही. दोन वर्षं राहिला. दोन वर्षं संध्याकाळी ताईंना बोलायला तेवढाच एक.

मग घर गेलं. त्या भागात जमिनीखालचा गॅस वर्षानुवर्षं उपसलाय, त्यामुळे जमीन अधूनमधून हलते आणि भिंतींना तडे जातात. ताईंच्या बैठकीच्या भिंतीत तर हात जायचा. घर पाडून पुन्हा बांधायचं ठरलं. तोवर राहायला जवळच्या गावात तात्पुरतं घर मिळत होतं, पण अट अशी, की जनावर एकच. ताईंकडे उरले होते दोन, वोबे आणि एक आंधळी मांजर. मांजर कुणाला देणं शक्यच नव्हतं, ती ताईंचा आवाज धरून चालायची.

ताईंचा फोन आला. "शनिवारी येतोस का? सहज. पोहे करते."

मी एकटाच गेलो. बैठकीत खोकी भरलेली. वोबे खिडकीखाली. मी कोचावर बसलो तर ताई म्हणाल्या, "ट्रे आण आतून."

मला कळलं. अगदी स्वच्छ कळलं. नऊ वर्षं त्याच खोलीत मी इतरांना कळायची वाट बघितली होती. तरी मी नेहमीचा वात्रटपणा केला. "काय ताई, चालून दाखवू का?"

ताई हसल्या नाहीत. "दाखव."

मी चाललो. चार पावलं तिकडे, चार इकडे. गाणंही म्हटलं असतं, पण त्याआधीच वोबे उठला. मागचे पाय ओढत, वाटेत एकदा थांबून दम खात, खोली ओलांडून आला आणि माझ्या बुटावर हनुवटी टेकवून पडला. दोन वर्षांत पहिल्यांदा. ताईंच्या हातातला चमचा ताटलीवर तसाच राहिला.

माझ्या डोळ्यांपुढे आमचा नवा पांढरा गालिचा आला. जानेवारीतली पुण्याची तिकिटं आली. चौदा वर्षांचा कुत्रा म्हणजे पुढे काय काय, ते आलं. आणि मी म्हणालो, मराठीत, "माधवीला विचारून कळवतो."

वोबेने हनुवटी उचलली. कुत्र्याला शब्द कळत नाहीत, सूर कळतो, असं शहाणे म्हणतात. असेल. तो उठला आणि परत खिडकीखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

"हो," ताई म्हणाल्या. "कळवा."

नऊ वर्षं मला अरेतुरे करणारी बाई. एका शब्दात मला अहोजाहो झालं. फाटकापर्यंत सोडायला आल्या, तेव्हा वाऱ्यात पदर सावरल्यासारखा जाकिटाचा काठ सावरत म्हणाल्या, "तुम्हाला कल्पना नसेल. त्याला आता मराठी कळतं."

मी हसलो. मला वाटलं, ताई विनोद करतायत.

माधवीला मी विचारलंच नाही. आज विचारू, उद्या विचारू. ताईंचा फोन आला नाही आणि त्यातच मी समाधान मानलं. पुण्याला जाऊन आलो. फेब्रुवारीत कुणा ग्रोनिंगनकराकडून कळलं, की सुलभाताईंनी ते तात्पुरतं घर नाकारलं. बांधाजवळच्या सुट्टीच्या तळावर, जिथे हिवाळ्यात चिटपाखरू नसतं, तिथे एक जुनं कॅराव्हान, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन राहतायत. कुत्रा आणि मांजर दोन्ही घेऊन.

त्या संध्याकाळी मी माधवीला सगळं सांगितलं, यातलं एकही कुत्रं न वाढवता. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मग आणला का नाहीस?"

पुढच्या शनिवारी मी निघालो. पिशवीत जाड ब्लँकेट, खिशात नवा पट्टा. बसमधून उतरून बांधाकडेने चालत गेलो. वारा नेहमीसारखा तोंडावर, मला परत पाठवायच्या बेतात. कॅराव्हानच्या खिडकीवर आतून वाफ धरली होती.

ताईंनी दार उघडलं. वाळल्या होत्या. "या," म्हणाल्या. आत दोन माणसं बसली की तिसऱ्याने श्वास आळीपाळीने घ्यायचा, एवढी जागा. वोबे ताईंच्या पावलांवर अंग टाकून पडला होता. आता दुसरा डोळाही दुधाळ झाला होता. मांजर त्याच्या पोटाशी.

शेगडीवर पोहे तयार होते. मी सवयीने ट्रे घ्यायला उठलो.

"बसा," ताई म्हणाल्या, आणि ट्रे त्यांनीच माझ्यापुढे ठेवला. वर ओलं खोबरं होतं. कुठून आणलं असेल त्या गावात, कोण जाणे.

दोन घास खाल्ले. चमचा खाली ठेवला. "ताई," मी म्हणालो, "माधवी हो म्हणतेय. मनापासून. आमच्याकडे बाग आहे, खालचंच घर आहे. मी उशीर केला, पण याला मी आजच…"

ताईंनी हात वर केला. मग माझ्याकडे बघून बोलल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी मराठी सोडून कधी बोलल्या नव्हत्या. आता डचमध्ये बोलल्या, मोठ्याने, एकेक शब्द सुटा, त्या बुटक्या बैठकीत आलेल्या प्रत्येक पाहुण्याशी बोलायच्या तसं.

"हा माझा आहे. द्यायचा नाहीये."

वोबेचा चांगला कान हलला. त्याने हनुवटी ताईंच्या पावलावर आणखी पुढे सरकवली आणि लांब श्वास सोडला.

मी खिशात हात घातला आणि पट्ट्याची कडी वाजू नये म्हणून निघेपर्यंत मुठीत घट्ट धरून बसलो.