पूल दिसत नाही, सबब तक्रार अग्राह्य

‘शेजारमळा’ नावाचा एक खेळ आहे. मोबाइलवर खेळतात. प्रत्येकाला एक मळा मिळतो, मधून ओढा वाहतो आणि ओढ्यापलीकडे शेजाऱ्याचा मळा असतो. या खेळाच्या फोरमवर गंभीर स्वरूपाची अनागोंदी माजली होती आणि ती मी दोन महिन्यांत मोडून काढली, एवढंच मला येथे नमूद करायचं आहे. बाकीचं ओघानं येईल.

मी स्वतः खेळत नाही. मी पस्तीस वर्षं आवक-जावक विभागात काढली, त्यातली शेवटची नऊ मुख्य लिपिक म्हणून. खेळते ती बायको. एकदा तिचा चष्मा सापडत नव्हता म्हणून तिनं मला फोरम वाचून दाखवायला सांगितलं आणि मी हादरलोच. ‘सुप्रभात’ या सदराखाली कुणीतरी लिहिलं होतं की माझी गाय झाडावर चढून बसली आहे. एका मांजराच्या फोटोखाली छत्री उलटी उघडत असल्याची तक्रार होती. आणि कंपनीची एक मुलगी, जिला सगळे दुरुस्तीताई म्हणत, ती खाली लिहायची, ‘अय्या, खरंच की! संध्याकाळपर्यंत बघते.’ आणि संध्याकाळपर्यंत गाय उतरलेली असायची. ना नोंद, ना क्रमांक, ना शेरा. गाय उतरली खरी, पण ती कुणाच्या आदेशानं उतरली याचा कागदोपत्री काही पुरावाच नव्हता.

मी कंपनीला चौदा पानी टिपण पाठवलं. फुकट काम करणारा माणूस कुठल्याही कंपनीला आवडतोच. आठवड्याभरात मी फोरमचा मॉडरेटर झालो.

पहिलं काम म्हणजे नमुना ‘ब’. त्यात तेवीस रकाने होते. बग म्हणजे खेळातला बिघाड आढळल्याची वेळ मिनिटांसह, खेळातलं हवामान, खेळाबाहेरचं हवामान, बग घडला तेव्हा तक्रारदार उभा होता की बसलेला, आणि हा बग इतर कुणाच्या निष्काळजीपणामुळे घडल्याचा संशय आहे काय, असल्यास नातं. सर्व रकाने भरल्याशिवाय तक्रार दुरुस्तीताईकडे जायची नाही. पहिल्या आठवड्यात तीनशे चाळीस तक्रारी होत्या. दुसऱ्यात एकोणचाळीस. चौथ्यात सात, आणि त्याही अपूर्ण. इतक्या झपाट्यानं सुधारलेला खेळ जगात दुसरा नसेल.

दुरुस्तीताईनं मला निरोप धाडला, ‘काका, हल्ली काहीच येत नाही माझ्याकडे. सगळं ठीक आहे ना?’

मी उत्तर दिलं, ‘सर्व नियंत्रणात आहे.’

त्याच आठवड्यात बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

“अहो, माझा पूल गेला.”

“कुठे गेला?”

“मला काय माहीत? पुलावर उभी होते, पलीकडून तिनं हात हलवला, मीही हलवला, आणि दोघी धपकन पाण्यात! वर येऊन बघते तर पूलच नाही.”

इथे थोडी पार्श्वभूमी देणं भाग आहे. पलीकडचा मळा बायकोच्या धाकट्या बहिणीचा होता. अकरा वर्षांपूर्वी आईचं शिलाई मशीन कुणी न्यायचं यावरून दोघींचं बिनसलं. मशीन भावाच्या माळ्यावर पडून राहिलं आणि दोघींनी एकमेकींना फोन करणं सोडलं. फोन करायला ना नव्हती, पण आधी कोण करणार? मग गेल्या वर्षी खेळानं बायकोला नवा शेजारी दिला. त्या शेजाऱ्यानं घेवडा नागमोडी लावला होता. बायको बराच वेळ त्या वेलांकडे बघत बसली. म्हणाली, “आई असाच लावायची.” दुसऱ्या दिवशी पलीकडच्या बाईनं पुलावर येऊन हात हलवला. या खेळात शेजाऱ्याशी बोलता येत नाही, हात हलवता येतो आणि फळांची टोपली देता येते. त्यामुळे आधी कोण बोलणार हा प्रश्नच मिटला. रोज दुपारी चारला दोघी पुलावर यायच्या. पुलापलीकडे दोघींनी मिळून एक फळबाग लावली. आपण कोण हे दोघींनाही पक्कं माहीत होतं आणि दोघींनीही तसं दाखवलं नाही.

आता नियम असा की दोन शेजारी तीस दिवस पुलावर भेटले नाहीत, तर सामाईक बाग रद्द होऊन तिथे जंगल माजतं.

“नमुना ‘ब’ भर,” मी बायकोला म्हणालो.

“अहो, तुम्ही समोर बसलाय. तुम्हालाच सांगतेय ना!”

“घरात सांगितलेलं ऑफिसात धरत नाहीत.”

“हे ऑफिस आहे? तुम्ही लुंगीवर बसलाय.”

तिनं फॉर्म भरला. अठराव्या रकान्यात बाधित वस्तूचा स्क्रीनशॉट मागितला होता. तिनं ओढ्याचा फोटो जोडला. मी बारकाईनं पाहिला. ‘जोडलेल्या चित्रात पूल दिसत नाही, सबब तक्रार अग्राह्य,’ असा शेरा मारून परत पाठवला.

“पूल दिसत नाही हीच तर तक्रार आहे!” बायको आतून ओरडली.

“ते तोंडी झालं. चित्रात तसं सिद्ध होत नाही. तिथे पूल कधी नव्हताच, असंही कुणी म्हणेल.”

तिनं बहिणीच्या टोपलीचा जुना फोटो शोधून काढला. त्यात मागे पूल होता. मग मी तेराव्या रकान्याकडे तिचं लक्ष वेधलं: ‘बग पुन्हा घडवून दाखवावा.’ पूल पुन्हा नाहीसा करून दाखवायचा तर आधी तो असायला हवा, असं तिचं म्हणणं पडलं. मुद्दा विचारार्ह होता. मी तो पुढच्या तिमाहीच्या आढाव्यासाठी राखून ठेवला आणि केवळ घरचं माणूस म्हणून ती अट शिथिल केली.

तिची तक्रार अशा रीतीनं सोमवारी दाखल झाली. क्रमांक ४१७. त्याच दिवशी पलीकडच्या मळ्यातूनही एक तक्रार आली, क्रमांक ४१८, तोच पूल, तोच ओढा. एकाच बगाच्या दोन तक्रारी ठेवायच्या नाहीत, ही माझी दुसरी मोठी सुधारणा. मी ४१८ वर लिहिलं, ‘सदर विषय ४१७ मध्ये हाताळला जात आहे,’ आणि ती बंद केली. मंगळवारी ४१७ समोर आली. तिच्यात सतरावा रकाना कच्चा होता. ४१८ तपासली, तर ती काटेकोर भरलेली. बहिणीचं अक्षरसुद्धा चांगलं असणार. मी ४१७ वर लिहिलं, ‘सदर विषय ४१८ मध्ये हाताळला जात आहे,’ आणि तीही बंद केली.

दोन्ही तक्रारी एकमेकींवर सोपवून मोकळ्या झाल्या. फोरमवर प्रलंबित तक्रारी शून्य. कंपनीनं माझ्या नावापुढे सोनेरी चांदणी लावली. मी ती बायकोला दाखवली.

“पूल?” तिनं विचारलं.

“निकाली निघाला.”

“म्हणजे आला?”

“निकाली निघाला,” मी पुन्हा सांगितलं. पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या बायकोला हा फरक समजावून सांगावा लागतो याचं मला वाईट वाटलं.

रोज चारला ती ओढ्याच्या काठाशी जाऊन उभी राही. पलीकडच्या काठावर ती दुसरी बाई. मधे पाणी. एवढ्या अंतरावरून हात हलवला तर खेळ दाखवत नाही. दोघी नुसत्या उभ्या. सव्विसाव्या दिवशी बायकोनं फोन डोळ्यांजवळ धरला, ‘इकडचं तिकडचं’ नावाचा एक कोपरा मी दुर्लक्षानं उघडा ठेवला होता तो शोधला, आणि त्यात लिहिलं, ‘अगं पोरी, माझा पूल गेलाय. चार दिवसांत बाग जाईल. बघतेस का गं?’

दहा मिनिटांत दुरुस्तीताईचं उत्तर आलं. ‘अरे देवा! मला कुणी बोललंच नाही. थांबा.’ आणखी तासाभरात पूल जागेवर.

माझ्यापुढे मोठाच पेच उभा राहिला. पूल आला होता, परंतु गैरमार्गानं आला होता. आज पूल सोडला तर उद्या पुन्हा गाई झाडावर. मी कलम नऊ काढलं. विहित नमुन्याबाहेर तक्रार करणाऱ्यास सात दिवस निलंबन, फोरमवरून आणि खेळातूनही. मी डोळे मिटले आणि बटण दाबलं.

“अहो, मला आत घेत नाहीये,” बायको म्हणाली.

“सात दिवस घेणार नाही.”

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. “तुम्ही केलंत?” एवढंच म्हणाली.

“अपील करता येतं. पण नातेवाइकाचं अपील मी ऐकू शकत नाही, ते दुसऱ्या मॉडरेटरनं ऐकायचं.”

“दुसरा कोण आहे?”

“पद रिक्त आहे.”

तिसाव्या दिवशी दुपारी मी मॉडरेटरच्या खिडकीतून तो मळा उघडला. चारला पाच कमी असताना मेव्हणी पुलावर आली. टोपली घेऊन आली होती. तिनं हात हलवला. समोर कुणी नाही. तिनं पुन्हा हलवला. बायको माझ्या मागे उभी होती, हात पदराला पुसत, जणू आत्ता जायचंच आहे. निलंबन मागे घ्यायचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण वाईट वाटण्याचा रकाना नमुन्यात नव्हता, आणि तो नमुना मीच केलेला.

चार वाजले. सव्वाचार झाले. बागेतली झाडं एकेक करून काळपट झाली आणि जंगल माजलं. मेव्हणीनं टोपली खाली ठेवली.

मग घरातला फोन वाजला. मी सवयीनं उचलला.

“बोला. विषय?”

“भावोजी, ताईला फोन द्या.”

अकरा वर्षांनी तो आवाज ऐकला आणि मला दुसरं काही सुचलं नाही. “ती निलंबित आहे,” मी म्हणालो.

“फोनवरूनसुद्धा?”

कलम नऊमध्ये फोनबद्दल काही नव्हतं. मी ते आठवून पाहत होतो तेवढ्यात बायकोनं रिसीव्हर माझ्या हातातून ओढून घेतला. “हं, बोल गं,” म्हणाली आणि रडायला लागली. पलीकडचीही रडत असावी. मग बोलणं सुरू झालं ते दिवेलागण झाली तरी थांबेना. मशीन तू ने, छे, तूच ने, यावरून नवं भांडण जुंपलं. त्यानंतर विषय माझ्याकडे वळला, आणि त्यावर मात्र दोघींचं चटकन एकमत झालं.

मी तक्रारीवर अखेरचा शेरा लिहिला: ‘तक्रारदारांनी पर्यायी मार्ग अवलंबला. प्रकरण समाप्त.’ प्रकरण समाप्त झालं की नियमाप्रमाणे तक्रारदाराच्या मोबाइलवर एक खिडकी उघडते. ‘आपले समाधान झाले का?’ ती बायकोच्या मोबाइलवर उघडली. तिनं रिसीव्हर खांद्यावर सरकवला आणि माझ्याकडे बघत बघत ‘होय’ दाबलं.

माझं मन भरून आलं. म्हटलं, “खरंच झालं?”

“‘नाही’ दाबलं तर नमुना ‘क’ उघडतो,” ती म्हणाली. “एकतीस रकाने आहेत. पाहिलंय मी.”

त्या तिमाहीत फोरमवरचं समाधान शंभर टक्के होतं. माझ्या नावापुढे आता दोन चांदण्या आहेत.

तुम्ही हसताय. हसा. पण गेल्या आठवड्यात तुमचं एक काम अडलं होतं, तुम्ही चार ठिकाणी फोन केले, ते झालं नाही, आणि शेवटी कुणीतरी तुम्हालाही हेच विचारलं होतं. खिडकी लवकर बंद व्हावी म्हणून तुम्ही काय दाबलंत, त्याची नोंद आमच्याकडे आहे.