शालनबाईंचा इंटरव्ह्यू

स्वरूपाच्या घरात फोन एकच होता आणि तो तिचा नवरा ज्ञानेश कामावर घेऊन जायचा. कंपनीत तो गेटवरच्या खणात ठेवावा लागे. तरीही "मधेच तुला फोन करायची वेळ आली तर?" असं ज्ञानेशचं म्हणणं होतं. घरी दुसरा फोन नसताना तो कुठे लागणार, हे त्याला अजून सुचलं नव्हतं.

स्वरूपाला नोकरी हवी होती. लग्नाआधी परभणीला भावाच्या दुकानात ती जळलेल्या पंपांच्या मोटारींत नव्या तारा भरायची, इथे नुसतं घरात बसून तिचे हात शिवशिवत. चाकणला गाड्यांच्या वायरी बनवणाऱ्या एका कंपनीत तिने अर्ज दिला आणि त्यावर घरमालकीण शालनबाईंचा नंबर लिहिला. चाकणशेजारच्या निघोज्यात शालनबाईंच्या शेतात पूर्वी ज्वारी यायची, आता खोल्या बांधल्यावर भाडेकरू येत.

"मावशी, कंपनीचा फोन आला तर मला तेवढी हाक मारा."

"मारते की. त्यात काय?"

फोन आला तेव्हा स्वरूपा दळण आणायला गेली होती.

"स्वरूपा मॅडम का? मी एचआरमधून पूनम बोलतेय. आत्ता इंटरव्ह्यू घेऊ का? आज भरती बंद होतेय, नंतर जमणार नाही."

शालनबाईंनी दारातून रस्त्यावर नजर टाकली. स्वरूपाचा पत्ता नव्हता. पोरीची नोकरी डोळ्यांदेखत जायची वेळ आली होती.

"व्हय, बोला," त्या म्हणाल्या.

"कामाचा अनुभव?"

"ल्हानपणापास्नं करतीय."

"शिफ्टमध्ये जमेल ना?"

"पहाटं धारा, मंग रान, मंग सैपाक. तुमची शिफ्ट कवा सुटती?"

"आठ तासांनी."

"येवढंच?"

"सोबतच्या बायकांशी वाद झाला तर?"

"दोन सुना एका चुलीवर नांदवतीय मी. कुणी वाद घालून दाखवावा."

"उद्या सकाळी गेटवर या," पूनम म्हणाली.

दळण घेऊन आलेल्या स्वरूपाला शालनबाईंनी अंगणातच गाठलं. "पोरी, कंपनीचा फोन आल्ता. म्या पास झाले."

सगळं ऐकल्यावर स्वरूपाने पिठाचा डबा खाली ठेवला आणि ती त्याच्याशेजारीच बसली. "मावशी, उद्या माझा आवाज ओळखतील ना त्या!"

"सर्दी झाली म्हन. मी येते संगं."

सकाळी पूनमने स्वरूपाला पाहिलं, तिचे दोन शब्द ऐकले आणि विचारलं, "काल आवाज वेगळा होता तुमचा."

"सर्दी झालीय मॅडम."

"सर्दीने आवाज बसतो. तुमचा तर मोकळा झालाय. बरं, सुना काय म्हणतात?"

चोवीस वर्षांच्या स्वरूपाने वळून मागे पाहिलं. तेव्हा मागे उभ्या शालनबाई पुढे आल्या. "सुना माझ्या हायेत. बोलले बी मीच. का, उत्तरं चुकली का?"

"उत्तरांचा प्रश्न नाहीये, आजी! ही फसवणूक आहे. मी यांचं नाव यादीतून काढतेय."

शालनबाईंचा चेहरा पडला. "बाई, चूक माझी हाय. पोरीच्या पोटावर पाय देऊ नगा."

स्वरूपाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही. "मॅडम, तेच प्रश्न मला एकदा विचारा. नाही पटलं तर जाते मी."

पूनमने घड्याळ पाहिलं. मग तिने सगळे प्रश्न विचारले. मोटारींचं ऐकून तिने मान डोलावली. "शेवटचं. लाइनवर साहेब ओरडले तर रडत घरी जाणार का?"

याचं उत्तर काही स्वरूपाने तयार केलेलं नव्हतं. जे खरं होतं तेच तोंडातून आलं.

"नाही मॅडम. मी यांच्याकडे भाड्याने राहते. ओरडणं ऐकायची सवय आहे मला."

गेटवरच्या वॉचमनने तोंड फिरवलं. पूनमने ओठ घट्ट दाबून धरले, पण हसू काही आवरेना.

"सोमवारपासून या," ती म्हणाली.

परतीच्या रिक्षात शालनबाई गप्प होत्या. स्वरूपाने एकदा "मावशी, नोकरी लागली हो," म्हणून पाहिलं, मग "रागावलात का?" विचारून पाहिलं. निघोज्याचा फाटा जवळ आल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही.

"मी कवा वरडते गं?"

रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला आणि घाबरून मागे पाहिलं.

"इथंच उतरायचं का, मावशी?"